तपासणी कुणाची, कुणाकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात काही योगायोग मोठे बोलके असतात. अमेरिकेतून निघणाऱ्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या साप्ताहिकाच्या २६ मार्च २००९ च्या अंकात पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीविषयी दोन मोठे अभ्यास छापून आले. एक युरोपातला, दुसरा अमेरिकेतला. आणि बरोबर पुढच्याच, म्हणजे २ एप्रिलच्या अंकात आपल्या मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचा अभ्यास आला. तो बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी होता. पहिल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडत होते. तिसऱ्याने मात्र एका चाचणीच्या बाजूने स्पष्ट कौल दिला होता. एका आठवड्याच्या अंतराने छापलेल्या या तीन लेखांत आरोग्य तपासणीच्या प्रश्नाचे सगळे मर्म आहे, असे मला वाटते.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा. जिवतीच्या डोंगरावर मी आरोग्य खात्यात नोकरी केली, तिथेच निवृत्त झालो. आमचे घर मूळचे मराठवाड्यातले. बाहत्तरच्या दुष्काळानंतर तिकडची पुष्कळ कुटुंबे माणिकगडाच्या या पहाडावर येऊन राहिली, त्यांतलेच आम्ही एक. कोलाम आणि गोंड इथले मूळचे. हा राजुऱ्याचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आजही तालुक्यातल्या १४ गावांवर दोन राज्यांनी हक्क सांगितलेला. लोकांकडे वर्षानुवर्षे दोन्हीकडची रेशनकार्डे, दोन्हीकडे मतदान. दोन सरकारे असलेल्या या डोंगरावर म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबली तर मात्र आधी खाली गडचांदूर, मग राजुरा, मग चंद्रपूर आणि शेवटी नागपूर, हा रस्ता काही चुकत नाही.

प्रोस्टेट म्हणजे पुस्तकी मराठीत पुरःस्थ ग्रंथी. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. वय वाढले की ही ग्रंथी बहुतेकांची वाढते, धार बारीक होते, रात्रीतून तीन-चारदा उठावे लागते. ही वाढ साधी असते, तो कॅन्सर नव्हे. याच ग्रंथीत कॅन्सरही होतो, पण तो बहुधा बाहेरच्या कडेला सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्याला त्रास आहे त्याला बहुधा कॅन्सर नसतो, आणि ज्याला कॅन्सरची सुरुवात आहे त्याला बहुधा त्रास नसतो.

लंडनच्या एका शल्यचिकित्सकाने, डॉ. अॅडम्स यांनी, १८५३ साली या कॅन्सरचा पहिला रुग्ण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नोंदवला, तेव्हा हा अत्यंत दुर्मीळ रोग आहे असे त्यांनी म्हटले होते. तो दुर्मीळ नव्हता. माणसे त्या वयापर्यंत जगत नव्हती आणि कुणी शोधत नव्हते. १९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग यांनी पूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. अंडकोष काढले, तर हाडांत पसरलेला रोगसुद्धा मागे हटतो. त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. महागडी इंजेक्शने परवडत नाहीत अशा आपल्याकडच्या कित्येक रुग्णांना आजही हाच उपाय सांगितला जातो, आणि तो कमअस्सल नाही, हे इथेच सांगून ठेवतो. (मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही १९४१ सालीच, फेब्रुवारीत.)

पण मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो तो अरनॉल्ड रिच. हेही जॉन्स हॉपकिन्सचेच, पण शवविच्छेदन करणारे. १९३५ साली त्यांनी प्रसिद्ध केले की पन्नाशी ओलांडून इतर कशाने तरी मेलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी तपासल्या, तेव्हा सुमारे १४ टक्क्यांत कॅन्सरचे बारीक ठिपके सापडले. या माणसांना तो आहे हे कधी कळलेच नव्हते. ते दुसऱ्याच कारणाने गेले. म्हणजे या कॅन्सरच्या दोन जाती धराव्यात: एक वाघासारखा झडप घालणारा, दुसरा कासवासारखा आयुष्यभर पडून राहणारा. दोघांनाही नाव एकच. शोधायला निघालात तर कासवेच जास्त सापडणार, हे रिच यांच्या टेबलावर तेव्हाच दिसले होते. पुढच्या पिढीने ते फारसे मनावर घेतले नाही.

१९७९ साली अमेरिकेत बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेत डॉ. चू यांच्या गटाने प्रोस्टेटमधले एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेच पीएसए. ग्रंथी बिघडली की ते रक्तात वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ साली या चाचणीला परवानगी दिली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निरोगी माणसांत रोग शोधण्यासाठीची परवानगी १९९४ साली मिळाली, पण तोवर डॉक्टरांनी ती सर्रास सुरू केलीही होती. १९९२ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या नोंदी शिखराला पोचल्या. रोगाची साथ आली नव्हती, चाचणीची आली होती. ४ च्या वर आकडा आला की सुईने तुकडे काढायचे, ठिपका सापडला की शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. त्यातून कित्येकांचा लघवीवरचा ताबा गेला, कित्येकांचे वैवाहिक आयुष्य संपले. त्यांतल्या किती जणांचा कॅन्सर कासवजातीचा होता, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ सालीच चांगल्या सामूहिक तपासणीचे दहा निकष लिहून ठेवले होते. रोगाची नैसर्गिक वाटचाल नीट माहीत हवी, कुणावर उपचार करायचे हे ठरलेले हवे, असे ते साधे नियम. पीएसएच्या घाईत ते कपाटात राहिले.

आता २००९ च्या त्या अंकाकडे येतो. अमेरिकेतल्या अभ्यासात सुमारे ७७ हजार पुरुष होते. सातएक वर्षांनंतर तपासणी झालेल्यांत आणि न झालेल्यांत मृत्यूचा फरक दिसला नाही. पण या निष्कर्षात एक मोठे भोक होते. ज्यांची तपासणी करायची नव्हती, त्यांतल्या निम्म्यांनी आपापल्या डॉक्टरकडे जाऊन ती करून घेतलीच होती. युरोपातला अभ्यास सात देशांतल्या एक लाख ८२ हजार पुरुषांचा. त्यात नऊ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी दिसले. हे ऐकायला छान. मात्र एक मृत्यू टाळायला १४१० जणांना बोलवावे लागत होते आणि ४८ जास्तीच्या रुग्णांवर उपचार करावे लागत होते. एकाचा जीव वाचतो, हे खरे. सत्तेचाळिसांना कदाचित विनाकारण कापले जाते, हेही खरे. यातले कुठले खरे मोठे, हे विज्ञान सांगू शकत नाही. ते ज्याच्या अंगावर येते त्यालाच ठरवावे लागते.

पुढची भांडणे मी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१२ साली ही तपासणी नकोच असा सल्ला दिला, आणि २०१८ साली तो बदलून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून आपापले ठरवावे, सत्तरीनंतर करू नये, असे म्हटले. युरोपातल्या अभ्यासाचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ साली प्रसिद्ध झाला. आता एका मृत्यूमागे बोलावलेले ४५६ आणि जास्तीचे रुग्ण १२ असा आकडा आला. म्हणजे जितकी वर्षे जास्त जगाल तितका चाचणीचा फायदा जास्त. पंचावन्नच्या माणसाला तो मिळू शकतो, पंच्याहत्तरच्या माणसाला मिळायला वेळच उरत नाही.

आणि आपला धाराशिवचा अभ्यास? १९९९ साली सुरू झालेला. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख ३१ हजारांवर खेड्यातल्या बायका त्यात होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्था यांनी तो केला. एका गटाला विषाणूची चाचणी, एकाला पेशींची, एकाला अॅसिटिक आम्ल लावून नजरेने पाहण्याची, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो वाद व्हायलाच हवा होता. तरी अभ्यासाचे उत्तर पक्के आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायच्या आधी वर्षानुवर्षे पूर्वखुणा दिसतात, त्या साध्या उपायाने काढता येतात. प्रोस्टेटचे तसे नाही. म्हणून 'कॅन्सरची तपासणी चांगली की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या कॅन्सरची, कुणाची, कुठल्या वयात, हे विचारावे लागते.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी स्वतःला विचारले, की हे अमेरिकेचे भांडण जिवतीला लागू आहे का? तिकडे जास्त शोधल्याचा त्रास आहे. आपल्याकडे उशिरा शोधल्याचा. भारतात २०२२ साली या कॅन्सरचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. अमेरिकेत, आपल्या चौथ्या हिश्श्याच्या लोकसंख्येत, दोन लाखांच्या वर. पण तिकडचे बहुतेक रुग्ण रोग ग्रंथीतच असताना सापडतात. आपल्याकडचे कितीतरी रोग हाडांत गेल्यावर येतात. डोंगरावरचा माणूस कंबरदुखी घेऊन दोन वर्षे मालिश करवून घेतो, गोळ्या खातो, शेकतो, आणि मग एके दिवशी पाय लुळे पडल्यावर बैलगाडीतून नाहीतर मोटारसायकलवर मध्ये बसवून खाली आणला जातो. त्याला पीएसएची सामूहिक तपासणी नको होती. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी 'लघवीचे कसे आहे?' एवढे विचारायला हवे होते.

विचारण्याने काय होते, याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यांतल्या अवघ्या आठ टक्क्यांची तशी तपासणी आधी कधी झाली होती. दुखणे घराघरांत होते, विचारणारे कुणी नव्हते. पुरुषांच्या लघवीचेही तसेच आहे, फक्त त्यांच्यासाठी अशी राणी बंग अजून मिळायची आहे. आमच्याकडचा म्हातारा नर्सताईला हे सांगत नाही, सुनेला तर नाहीच. मुलगा विचारत नाही.

दुसरा पुरावा बार्शीचा. मुंबईत कॅन्सर रुग्णांची नोंदवही १९६३ साली सुरू झाली. खेड्यांची पहिली नोंदवही १९८७ साली बार्शी, परांडा, भूम या भागात. शहरात रुग्ण दवाखान्यांत सापडतात, खेड्यात ते घरी पडून असतात. म्हणून नोंदवहीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, आणि फिरता फिरता कुठली लक्षणे दिसली तर दवाखान्यात यावे हे लोकांना सांगत गेले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. सर्वांची तपासणी करण्याइतके पैसे नसतील तिथे हा मधला रस्ता आहे, आणि जिवतीसाठी मला हाच योग्य वाटतो.

राहिला डॉक्टरांचा प्रश्न. चांगला डॉक्टर कसा ओळखावा, हे मला लोक फार विचारत. मी एक प्रसंग सांगतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आबा, मराठवाड्यातून आलेले, लघवी तुंबून खाली गेले. तिथे नळी टाकली आणि त्याच दिवशी एका खासगी ठिकाणी रक्त काढले. पीएसए १८. कागदावर लाल रेघ. कुणीतरी सांगितले की कॅन्सर आहे, आठवड्यात कापावे लागेल, पैशांची सोय करा. आबा कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, बैलजोडी इकू का? तुमी म्हनाल तसं." मी काही डॉक्टर नाही, मी एवढेच म्हटले की आबा, बैल आठ दिवस दावणीलाच राहू द्या, आपण आणखी एका माणसाला दाखवू. चंद्रपुरात ज्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी आकड्याआधी तारखा पाहिल्या. लघवी तुंबली, नळी घातली, संसर्ग झाला, की पीएसए वाढतोच. त्या दिवशीच्या आकड्याला काही अर्थ नसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. संसर्गाचे औषध दिले, बोटाने ग्रंथी तपासली, ती मोठी पण मऊ होती. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त काढले, आकडा ५ च्या आसपास आला. या वयात एवढ्यावर सुई घालायची गरज नाही, सहा महिन्यांनी या, असे ते म्हणाले. बैल राहिले.

हा प्रसंग मी इतक्या तपशिलाने सांगितला, कारण चाचणीची किंमत आकड्यात नसते, तो वाचणाऱ्यात असते, हे मला त्यातच कळले. तोच कागद, तेच रक्त. एकाने त्यातून घर विकायला लावले असते, दुसऱ्याने थांबायला सांगितले. थांबण्याला आता पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसते बारीक लक्ष. २०२३ साली पंधरा वर्षांचा हिशेब आला. या कॅन्सरने मेलेले तिन्ही गटांत सुमारे तीनच टक्के. लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त होते, तेव्हा 'काही करू नका' असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, की ग्रंथीपुरत्या असलेल्या रोगात आठ दिवसांत निर्णय घ्या म्हणणाऱ्याला घाई कसली आहे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

पदवी पाहावी, हे तर आहेच. लघवीच्या रोगांचा खास शल्यचिकित्सक एम.एस. नंतर एम.सीएच. झालेला असतो. अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता, हेही न लाजता विचारावे. जे जास्त करतात त्यांच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणी कमी होतात, असे २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले आहे. पण माझी स्वतःची पारख वेगळी. चांगला डॉक्टर रक्त काढायच्या आधी बोलतो: आकडा जास्त आला तर पुढे काय करणार, ते आधी ठरवू या, म्हणतो. तो वय विचारतो, साखर-दमा विचारतो, घरात वडिलांना-भावाला हा रोग होता का विचारतो, आधीची औषधे पाहतो. ग्रंथी लहान करण्यासाठी देतात त्या फिनास्टेराइडच्या गोळीने पीएसए निम्म्यावर येतो. गोळी चालू असल्याचे ज्याला कळलेच नाही, तो आकडा चुकीचाच वाचणार. आणि आपण दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो म्हटल्यावर तो रागावत नाही. कोलाम आजोबांशी बोलताना तर कोलामी जाणणारा एखादा पोरगा सोबत ठेवावा. अर्धवट कळलेल्या भाषेत होकार दिलेला मी खूपदा पाहिला आहे. पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिचे काम पाहणारा आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो. शेत गहाण टाकण्याआधी त्याला गाठावे.

आमच्या आठवडी बाजारात लोक मला अजून थांबवतात. पंचावन्न ते सत्तरीच्या आतले, तब्येतीने चांगले, आणि घरात हा रोग झालेला असेल, तर मी त्यांना डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोला असे सांगतो. ऐंशीच्या आजोबांना त्रास नसेल तर सांगत नाही. लघवीत रक्त दिसले, धार तुटायला लागली, साठीनंतरची कंबरदुखी रात्री झोपल्यावरही थांबत नसेल, तर मालिश करणाऱ्याकडे न जाता दवाखान्यात जावे. आणि अशा कंबरदुखीत पाय जड वाटू लागले, चालताना लटपटू लागले, तर कॅन्सरने मणक्यातली दोरी दाबली असण्याची भीती असते. तिथे तास मोजायचे असतात. उपचार लवकर मिळाले तर पाय वाचू शकतात, एकदा पूर्ण लुळे पडले की बहुधा परत येत नाहीत. त्या दिवशी बाजाराची वाट पाहू नये, गडचांदूरला जाणारी पहिली गाडी धरावी.